परतीचे दोर

परतीचे दोर कापून टाकणे हा वाक्प्रचार मराठी कानाला नवा नाही. सिंहगडावर तानाजी पडला, मावळ्यांचा धीर सुटला, तेव्हा सूर्याजीने कड्यावरून खाली सोडलेले दोर कापले आणि मागे फिरणाऱ्यांना पुढे जाण्यावाचून गत्यंतर ठेवले नाही, ही कथा महाराष्ट्रातील मुले शाळेत ऐकत आली आहेत. रणांगणावर दोर कापणाऱ्याचे नाव पोवाड्यात राहते, आणि ते योग्यच आहे. परंतु लढाईचा न्याय कारभाराला लागू पडतोच असे नाही. कारभारात, आणि विशेषतः यंत्रांच्या कारभारात, दोर कापणाऱ्यापेक्षा दोर राखून ठेवणाऱ्याची गरज अधिक असते. त्याचे नाव कोणी घेत नाही, कारण त्याचे काम यशस्वी झाले की काही घडलेच नाही असे दिसते. या उपेक्षित शहाणपणाची आठवण अलीकडच्या काळात सर्व जगाला एकाच दिवशी झाली. ती एका संगणकाच्या आजाराने करून दिली.

संगणक हे आज चैनीचे यंत्र राहिलेले नाही. रेल्वेचे आरक्षण, बँकेतील जमाखर्च, तलाठ्याचा सातबारा, इस्पितळातील रुग्णाची कागदपत्रे या साऱ्यांचे बिऱ्हाड आता संगणकात आहे. पूर्वीचे यंत्र एकदा घेतले की झिजेपर्यंत तसेच चालत असे. शिवणयंत्राला तेल घातले, पट्टा बदलला, की भागत असे. संगणकाचे तसे नाही. त्याच्या आतील कार्यक्रमांत दोष सापडत राहतात, ते दोष चोरांनाही सापडतात, आणि चोरांच्या आधी ते बुजवावे लागतात. म्हणून कंपन्या वरचेवर दुरुस्त्या पाठवितात. त्यांस लोक अपडेट म्हणतात. अपडेट घेणे ही हौस नसून निकड आहे, आणि जो ते टाळतो तो घराचे दार उघडे टाकून निजतो. मात्र याच दुरुस्तीने कधीकधी धडधाकट यंत्र आडवे होते. रात्री नीट चालणारा संगणक सकाळी सुरू होत नाही. पडद्यावर काही ओळी उमटतात, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, पुन्हा त्याच ओळी, पुन्हा तोच फेरा. असे का व्हावे, आणि झाले असता त्यातून बाहेर कसे यावे, हे समजण्यासाठी संगणकाच्या अंतरंगात थोडे डोकवावे लागते.

संगणकावर जे कार्यक्रम चालतात, ते सर्व एका मूळ व्यवस्थेच्या आधाराने चालतात. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज, लिनक्स ही अशा व्यवस्थांची नावे. या व्यवस्थेच्या मध्यभागी जो अगदी आतला भाग असतो, त्याला इंग्रजीत कर्नेल असे नाव आहे. त्या शब्दाचा मूळ अर्थ कठीण कवचाआडचा गर असा आहे. मराठीत त्याला गाभा म्हणणे सार्थ होईल. स्मृती कोणाला किती द्यावयाची, चकतीवर कोणी कोठे लिहावयाचे, कोणाची पाळी केव्हा, हे सर्व हा गाभा ठरवितो. देवळाची रचना डोळ्यांसमोर आणली तर हे चटकन ध्यानात येईल. सभामंडपात कोणीही यावे, बसावे, बोलावे. एखाद्याने गोंधळ घातला तर त्याला बाहेर काढता येते आणि बाकीच्यांचे भजन चालू राहते. गाभाऱ्यात मात्र मोजक्यांनाच प्रवेश असतो. संगणकातही असेच दोन भाग केलेले आहेत. पत्र लिहिण्याचा, हिशेब करण्याचा, चित्र पाहण्याचा कार्यक्रम सभामंडपात चालतो. तो बिघडला तर तेवढाच बंद पडतो. परंतु गाभ्यात चालणाऱ्या एखाद्या भागाने चूक केली, आपली नसलेली स्मृती वाचू पाहिली, तर त्याला बाहेर काढणारा दुसरा कोणी उरत नाही. अशा वेळी गाभा स्वतःच सर्व व्यवहार थांबवितो. गोंधळलेल्या स्थितीत काम रेटले तर चकतीवर भलतेच लिहिले जाईल आणि वर्षांची माहिती नासेल, त्यापेक्षा थांबणे बरे, असा त्यामागे विचार आहे. विंडोजमध्ये त्या वेळी जो पडदा दिसतो तो वर्षानुवर्षे निळा होता. २०२५ साली मायक्रोसॉफ्टने तो काळा करण्याचे जाहीर केले. लिनक्समध्ये या प्रकाराला कर्नेल पॅनिक म्हणतात. रंग आणि नाव कोणतेही असो, तो पडदा हा रोग नव्हे. रोग वाढू नये म्हणून यंत्राने स्वतःवर घातलेला तो निर्बंध आहे. एवढे ओळखले तरी पाहणाऱ्याची अर्धी घाबरगुंडी कमी होते.

आता त्या दिवसाकडे वळावे. १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. क्राउडस्ट्राइक नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांवर पहारा ठेवणे हा तिचा व्यवसाय. तिचा पहारेकरी कार्यक्रम विंडोजच्या गाभ्यात बसतो, कारण सभामंडपात बसून गाभाऱ्यातील चोर दिसत नाही. चोरांच्या नव्या युक्त्या या पहारेकऱ्याला कळाव्यात म्हणून कंपनी त्याला वारंवार माहितीच्या छोट्या फाइली पाठवीत असे. त्या सकाळी तिने २९१ क्रमांकाच्या मालिकेतील एक नवी फाइल पाठविली. ती ज्या ज्या विंडोज संगणकावर पोहोचली तेथे गाभा कोसळला. चूक लक्षात येऊन कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी ती फाइल मागे घेतली. अवघी ७८ मिनिटे. तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले होते. जगातील एकूण विंडोज संगणकांच्या हिशेबात ही संख्या एक टक्क्याहूनही कमी होती. पण हे संगणक विमानतळांवर, बँकांत, इस्पितळांत, वृत्तसंस्थांत होते, आणि म्हणून त्यांचे आडवे होणे जगाला जाणवले. इंग्लंडमध्ये एक वृत्तवाहिनी काही काळ प्रक्षेपणच करू शकली नाही आणि अनेक दवाखान्यांत डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी दिसेनात. भारतात विमानकंपन्यांचे व्यवहार विस्कळीत झाले. रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी सांगितले की तिच्या देखरेखीखालील दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली आणि ती एक तर निवारली गेली आहे किंवा निवारली जात आहे.

इतक्या मोठ्या अनर्थाचे कारण किती लहान असावे! कंपनीने पुढे ६ ऑगस्ट २०२४ रोजी आपला चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील तांत्रिक भाग बाजूला ठेवला तर त्याचा आशय कोणत्याही कचेरीतील मनुष्याला समजेल असा आहे. एका नमुन्यात २१ रकाने ठरविले होते. प्रत्यक्ष माहिती पुरविणारा भाग मात्र २० रकान्यांचीच माहिती देत होता. आरंभीचे काही महिने हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण एकविसाव्या रकान्यासमोर 'काहीही चालेल' असा शेरा असे आणि तो रकाना कोणी उघडून पाहतच नसे. १९ जुलैला गेलेल्या फाइलीत प्रथमच एकविसाव्या रकान्यातील मजकूर तपासा असा हुकूम होता. गाभ्यातील पहारेकरी एकविसाव्या रकान्याकडे गेला, तेथे रकानाच नव्हता. त्याने यादीपलीकडील, आपली नसलेली स्मृती वाचू पाहिली, आणि गाभ्याने सर्व व्यवहार थांबविला. फाइल बाहेर पाठविण्यापूर्वी तपासणारा एक कार्यक्रम होता. पण त्यानेही रकाने २१ आहेत असे गृहीत धरलेले होते. ज्या समजुतीची तपासणी करावयाची तीच समजूत तपासनिसाच्या डोक्यात असली म्हणजे तपासणीला अर्थ उरत नाही. सरकारी दप्तरात ज्यांनी आयुष्य काढले आहे त्यांना या प्रकाराची ओळख वेगळी करून द्यावयास नको.

तथापि चूक होणे हा या कथेचा महत्त्वाचा भाग नाही. चुका माणसांकडून होतात व होत राहतील. महत्त्वाचा प्रश्न असा की ७८ मिनिटांत मागे घेतलेली चूक निस्तरण्यास दिवसच्या दिवस का लागले? सदोष फाइलीच्या जागी निर्दोष फाइल तयार होती. ती आपोआप का पोहोचू नये? उत्तर असे की, ती घेण्यासाठी संगणक सुरू होऊन जाळ्याला जोडला जावा लागतो, आणि हा पहारेकरी संगणक सुरू होण्याच्या अगदी आरंभीच जागा होत असे. तो जागा होताच सदोष फाइल वाची आणि यंत्र कोसळे. वैद्य दाराशी औषध घेऊन उभा, आणि दार उघडणारा आत बेशुद्ध, अशी ती अवस्था होती. दुरून काही करता येईना. प्रत्येक यंत्राजवळ माणसाने स्वतः जावे आणि हाताने ते उठवावे, हाच मार्ग उरला.

हा हाताचा उपाय तसा साधा होता. विंडोज लागोपाठ काही वेळा सुरू होऊ शकली नाही तर ती आपण होऊन दुरुस्तीच्या एका वेगळ्या कक्षात येते. तेथून सेफ मोड नावाच्या अवस्थेत संगणक सुरू करावयाचा. या अवस्थेत केवळ अत्यावश्यक तेवढेच भाग जागे होतात; बाहेरून आणून बसविलेले पहारेकरी निजलेले राहतात, त्यामुळे यंत्र कोसळत नाही. मग विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टीम-३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात क्राउडस्ट्राइक अशा पायऱ्या उतरत जावयाचे, सी-०००००२९१ या अक्षरांनी आरंभ होणारी फाइल शोधून पुसून टाकावयाची आणि संगणक पुन्हा सुरू करावयाचा. जाणत्या माणसाला यास काही मिनिटे पुरत. पण एखाद्या संस्थेचे हजारो संगणक शहरोशहरी विखुरलेले असले, त्यांतील कित्येक विमानतळाच्या फलकामागे उंच टांगलेले किंवा कुलूपबंद खोलीत ठेवलेले असले, तर त्या काही मिनिटांचे दिवस होतात. अमेरिकेतील डेल्टा या विमानकंपनीच्या प्रमुखांनी सांगितले की त्यांना ४०,००० सर्व्हर हाताने पूर्ववत करावे लागले. पाच दिवसांत त्या कंपनीची सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली. यंत्रे उठली तरी कोणता वैमानिक कोठे आहे याचा मेळ लागेना. कारण मधल्या वेळात जग थांबले नव्हते, फक्त नोंदवही थांबली होती.

याहून बिकट अडचण कुलपाची होती. संस्थांचे संगणक चोरीस गेले तरी त्यांतील माहिती कोणाला वाचता येऊ नये म्हणून चकतीवर बिटलॉकर नावाचे कुलूप घातलेले असते. रोजच्या वापरात ते आपोआप उघडते, म्हणून ते आहे याचीही पुष्कळांना जाणीव नसते. पण दुरुस्तीच्या कक्षातून चकतीला हात लावावयाचा तर यंत्र किल्ली मागते, आणि ही किल्ली म्हणजे ४८ अंकांची एक संख्या असते. प्रत्येक यंत्राची संख्या निराळी. ती कोठेतरी जपून ठेवलेली असते. प्रश्न 'कोठे' एवढाच. काही संस्थांत ती ज्या सर्व्हरवर ठेवली होती तो सर्व्हरही त्याच आजाराने पडला होता. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून तिजोरी बंद करावी, तसा हा प्रकार झाला. ज्यांनी या किल्ल्यांची यादी वेगळ्या जागी, वेगळ्या व्यवस्थेत, फार काय कागदावर छापून कुलपात ठेवली होती, ते लवकर उभे राहिले. ज्यांनी ती ठेवली नव्हती त्यांना आधी किल्ल्यांचे घर उठवावे लागले आणि मग बाकीची घरे.

काही ठिकाणी अन्य युक्त्या उपयोगी पडल्या. कंपनीने सुचविले की यंत्र वायरने जाळ्याला जोडावे आणि पुन्हा पुन्हा सुरू करावे. वायरची जोडणी बिनतारीपेक्षा लवकर होते, आणि कोसळण्यापूर्वीच्या त्या निमिषात निर्दोष फाइल आत आली तर यंत्र वाचते. मायक्रोसॉफ्टच्या दूरस्थ सर्व्हरांबाबत तर काही ग्राहकांना पंधरापर्यंत वेळा यंत्र सुरू करावे लागल्याचे त्या कंपनीने नमूद केले. अन्य सर्व्हरांबाबत आजारी यंत्राची चकती काढून ती निरोगी यंत्राला जोडावयाची, तेथे ती फाइल पुसावयाची आणि चकती परत जागी बसवावयाची, असे केले गेले. एक-दोन दिवसांत मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हवरून चालणारे दुरुस्तीचे साधनही दिले. २५ जुलैपर्यंत ९७ टक्क्यांहून अधिक यंत्रे पुन्हा कामास लागल्याचे क्राउडस्ट्राइकच्या प्रमुखांनी जाहीर केले. ऐंशी मिनिटांच्या आतली चूक आणि सहा दिवसांची उठाठेव, असा हा हिशेब झाला.

त्या दिवशीच्या भारतातील एका दृश्याचा उल्लेख येथे केला पाहिजे. हैदराबादच्या विमानतळावर कोलकत्याला निघालेल्या एका प्रवाशाला इंडिगोच्या कर्मचाऱ्याने शाईने लिहिलेला बोर्डिंग पास दिला. नाव, उड्डाणाचा क्रमांक, आसन, सारे हाताने भरलेले. त्याचे छायाचित्र देशभर फिरले आणि लोकांनी त्याकडे कौतुकमिश्रित हसूने पाहिले. वस्तुतः त्यात हसण्यासारखे काही नव्हते. कोरे छापील पास कोठेतरी शिल्लक होते, ते कसे भरावयाचे हे कोणाला तरी ठाऊक होते, आणि असा पास मान्य करावा हे दारावरील माणसाला समजत होते. या तीन गोष्टी एकत्र होत्या म्हणून तो प्रवासी विमानात बसला. यंत्राच्या जगात कागद आणि लेखणी हाही एक परतीचा दोर आहे. तो जुना झाला म्हणून कापून टाकण्याची घाई आज सर्वत्र दिसते. हिशेब यंत्राने करावा यात वाद नाही. पण यंत्र पडल्यावर अर्धा दिवस हाताने काम चालविता येईल एवढी वही आणि एवढी सवय प्रत्येक कचेरीने जिवंत ठेवावी की नाही, याचा निर्णय यंत्र पडण्यापूर्वीच व्हावयास हवा.

मोठ्या संस्थांची ही गोष्ट झाली. परंतु अपडेटनंतर कोसळणारा संगणक हा घराघरांतही आढळणारा प्रकार आहे. मुलाचा अभ्यास, दुकानाचा जीएसटीचा हिशेब, निवृत्त गृहस्थाने वर्षानुवर्षे जमविलेली छायाचित्रे त्यात असतात, आणि पडद्यावरील त्या ओळी पाहून सारे गेलेच असे वाटते. बहुधा ते गेलेले नसते. गाभा कोसळला म्हणजे चकतीवरील माहिती पुसली गेली असे मुळीच नाही. म्हणून अशा वेळी सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे घाईने सर्व पुसून नव्याने विंडोज बसविण्याचा सल्ला मान्य करणे. तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

पहिले काम नोंदीचे. पडद्यावर जो संकेत उमटतो त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. पुष्कळदा त्यात दोषी ड्रायव्हरचे नावच असते. ड्रायव्हर म्हणजे छपाईयंत्र, चित्रपडदा, ध्वनी अशा एकेका अवयवाशी बोलणारा, गाभ्यात बसणारा दुभाषी. दुसरे काम म्हणजे बाहेरून जोडलेली सर्व उपकरणे काढून यंत्र सुरू करून पाहणे. तरीही ते उठले नाही, तर विंडोजच्या दुरुस्ती कक्षात 'नुकतेच घेतलेले अपडेट काढा' अशी सोय असते, ती वापरावी. मोठे स्थित्यंतर करणारे अपडेट घेतले असेल तर जुनी व्यवस्था साधारण दहा दिवस चकतीवर राखून ठेवलेली असते आणि त्या मुदतीत परत फिरता येते. सेफ मोडमध्ये यंत्र उठत असेल तर दोष मूळ व्यवस्थेत नसून वरून बसविलेल्या एखाद्या ड्रायव्हरात आहे असे अनुमान काढता येते, आणि तो ड्रायव्हर काढून जुना बसविला की काम भागते. काहीच साधले नाही, तर पेन ड्राइव्हवरून दुसरी एखादी व्यवस्था सुरू करून आधी आपली कागदपत्रे सुरक्षित काढून घ्यावीत आणि मगच मोठ्या शस्त्रक्रियेला हात घालावा. चकतीला कुलूप असेल तर येथेही ती ४८ अंकी किल्ली लागते. ती घरच्या यंत्रांबाबत बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. ती आजच, यंत्र धडधाकट असताना, पाहून वहीत उतरवून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

या बाबतीत लिनक्सची एक रीत अनुकरणीय आहे. तेथे नवा गाभा आला म्हणजे जुना लगेच पुसला जात नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा या प्रचलित लिनक्स व्यवस्थांत जुना गाभा नव्याच्या शेजारी राहू दिलेला असतो. फेडोरा तर सामान्यतः तीन गाभे ठेवते. यंत्र सुरू होताना एक यादी दाखविता येते. नव्या गाभ्याने कर्नेल पॅनिक झाले तर यादीतून कालचा गाभा निवडावयाचा; यंत्र काल जसे होते तसे उभे राहते. मग शांतपणे कारण शोधता येते. कधी गाभा ठेवण्याची जागाच भरून गेल्यामुळे नवा गाभा अर्धवट उतरलेला असतो, कधी आरंभी लागणारी सामग्री त्याच्यासाठी बांधली गेलेली नसते, कधी चित्रपडद्याचा ड्रायव्हर जुन्याच गाभ्यासाठी घडविलेला असतो. कारण कोणतेही असो, ते शोधणाऱ्याच्या पायाखाली जमीन असते. ही रीत पाळणाऱ्यांनी अपडेट निर्दोष असेल असे गृहीत धरलेले नाही. ते सदोष निघेल असे धरून आधीच दोर बांधून ठेवला आहे. मात्र जागा मोकळी करण्याच्या उत्साहात काही जण जुने गाभे स्वतःच पुसून टाकतात. सूर्याजीच्या शौर्याचे अनुकरण करण्याचे ते स्थळ नव्हे.

२०२४ च्या त्या प्रसंगातून संबंधितांनी काही धडे घेतले हे सांगितले पाहिजे. क्राउडस्ट्राइकच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने २४ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकन लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे उभे राहून क्षमा मागितली. अशा माहितीच्या फाइली यापुढे सर्वांना एकदम न देता टप्प्याटप्प्याने देण्याचे आणि केव्हा घ्यावयाच्या हे ग्राहकाच्या हाती ठेवण्याचे कंपनीने ठरविले. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशी योजना जाहीर केली की पडलेल्या यंत्राला दुरुस्ती कक्षातूनच जाळ्याशी जोडून दुरून उपचार करता यावेत. म्हणजे बेशुद्ध माणसाच्या घराला मागचे दार ठेवण्याचाच हा विचार आहे. टप्प्याटप्प्याने देण्याची कल्पना तर शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. नवे बियाणे कितीही नामांकित असले तरी तो सारे शिवार एकाच वर्षी त्याखाली घालीत नाही. एका तुकड्यात लावून पाहतो आणि जुने बी कणगीत राखून ठेवतो.

यावरून अपडेट घेऊच नयेत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा होईल. जुन्या दोषांना कवटाळून बसणारे यंत्र आज ना उद्या चोराच्या हाती जाते, आणि ती हानी कोसळण्याच्या हानीपेक्षा मोठी असते. पुढे जावे, अवश्य जावे. पण पाऊल टाकण्यापूर्वी मागचे पाऊल कोठे टेकेल हे पाहून ठेवावे. माहितीची दुसरी प्रत वेगळ्या जागी आहे काय, चकतीच्या कुलपाची किल्ली कोणाजवळ आहे, यंत्र उठविण्याची रीत ज्याला येते असा एकच मनुष्य आहे की दोन, आणि त्या प्रतीवरून काम खरोखर उभे राहते हे कोणी कधी करून पाहिले आहे काय, हे चार प्रश्न प्रत्येक संस्थेने आणि प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदा तरी स्वतःला विचारावेत. यांतील शेवटचा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. घरात दोर आहे एवढ्यावर समाधान मानले जाते. तो कुजला आहे की काय हे ओढून पाहण्याचे राहून जाते.

१९ जुलैच्या रात्री आणि त्यापुढील अनेक रात्री जगभर हजारो माणसे एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जात होती, ४८ अंक वाचून टिपीत होती, एक फाइल पुसत होती आणि पडदा उजळला की पुढच्या यंत्राकडे वळत होती. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. विमाने पुन्हा उडाली, दवाखान्यांत नोंदी पुन्हा दिसू लागल्या, आणि लोक ते विसरले. पण त्या माणसांनी जे केले ते त्यांना करता आले, याचे कारण कोणीतरी, कधीतरी, यंत्र घडविताना त्याच्यात सेफ मोडची एक अरुंद वाट ठेवली होती आणि कोणीतरी त्या अंकांची यादी जपून ठेवली होती. कड्यावरून चढून जाणाऱ्यांची गाणी होतात. दोर शाबूत ठेवून खाली रात्रभर जागणाऱ्यांची होत नाहीत. गड चालविण्याचे काम मात्र त्यांच्याच भरवशावर चालत असते.